खालच्या डेकवरचे हसणे

ब्रिटिश युद्धनौकेवर अधिकाऱ्यांची राहण्याची सोय वेगळी आणि साध्या खलाशांची वेगळी. खलाशांच्या भागाला ‘लोअर डेक’ म्हणतात आणि तिथे राहणाऱ्या माणसांनाही हेच नाव पडले आहे. अ‍ॅडमिरल नेल्सनच्या काळात या खालच्या डेकवर प्रत्येक खलाशाच्या झोळीला अधिकृतपणे १४ इंच रुंदी मिळत असे. निम्मे लोक पाळीवर असायचे, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट जागा हाती यायची, एवढाच काय तो दिलासा. झोळ्या हळूहळू जाऊन पक्के बंक आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर ज्या टेबलाभोवती जेवायचे, तिथेच पत्रे लिहायची, फाटके कपडे शिवायचे, पत्ते कुटायचे आणि रात्री त्याच टेबलाच्या वर झोळी टांगून झोपायचे, हा क्रम होता. शेजाऱ्याचे घोरणे, त्याच्या पायांचा वास, घरून पत्र आले नाही म्हणून उतरलेला त्याचा चेहरा, सगळे हातभर अंतरावर. भांडण झाले तर रागाने उठून जायला कुठे जागा नाही, कारण भिंतीपलीकडे समुद्र. अशा जागेत महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसांनी जगण्याची जी रीत बसवली, तिच्यात विनोदाला शिस्तीइतकाच मान आहे. जहाजावर गळती थांबवण्याला जितके महत्त्व, जवळपास तितकेच मेसमधला, म्हणजे एका टेबलाच्या सोबत्यांमधला, ताण हसण्यावारी सोडवण्याला.

या खालच्या डेकचे पडद्यावरचे चित्र ज्या माणसाने वारंवार रंगवले तो लेस्टरचा होता, हे पाहून आश्चर्य वाटते. लेस्टर हे इंग्लंडच्या अगदी पोटातले शहर. ब्रिटनमधले समुद्रापासून सर्वांत दूरचे ठिकाण समजले जाणारे कोटन-इन-द-एल्म्स हे खेडे शेजारच्याच डर्बीशरमध्ये आहे. तिथून किनारा सुमारे ११३ किलोमीटर लांब. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा जन्म १९२३ मध्ये केंब्रिजला झाला, पण ते वाढले लेस्टरमध्ये. वडील फ्रेडरिक तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य, मुलाची शाळा विगस्टन ग्रामर, आणि रंगमंचाची पहिली गोडी लागली ती गावातल्या लिटल थिएटरमध्ये. मराठी वाचक त्यांना ‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून ओळखतो.  महायुद्धात अ‍ॅटनबरो स्वतः हवाई दलात होते. नौदलाचा गणवेश मात्र त्यांनी पडद्यावर पुन्हा पुन्हा चढवला आणि तोही बहुतेक वेळा साध्या खलाशाचा. १९४२ च्या ‘इन विच वुई सर्व्ह’मध्ये भेदरलेला तरुण स्टोकर (बॉयलरवर काम करणारा खलाशी), १९५० च्या ‘मॉर्निंग डिपार्चर’मध्ये बुडालेल्या पाणबुडीत अडकलेला स्टोकर स्नाइप आणि १९५६ च्या ‘द बेबी अँड द बॅटलशिप’ या विनोदी चित्रपटात नॉकर व्हाइट नावाचा खलाशी.

‘नॉकर’ हे त्या खलाशाचे जन्मनाव नाही. ब्रिटिश नौदलात आडनावावरून टोपणनाव ठरलेले असते आणि त्यात खलाशाला निवडीचा अधिकार नसतो. आडनाव व्हाइट असेल तर तो नॉकर किंवा चॉकी, क्लार्क असेल तर नॉबी, मिलर असेल तर डस्टी, मार्टिन असेल तर पिंचर. मिलर हा पिठाच्या गिरणीवाला, म्हणून अंगावर धूळ आणि म्हणून डस्टी. काही नावांचा उगम असा सरळ लागतो, काहींचा कुणालाच सांगता येत नाही. भरती झालेला अठरा वर्षांचा पोरगा पहिल्या दिवशी घाबरलेला असतो. संध्याकाळपर्यंत त्याला हे नाव चिकटते आणि त्या नावाचे शेकडो लोक आधी होऊन गेलेले असतात. नावासोबत तो एका मोठ्या कुटुंबात ओढला जातो. चेष्टेतून माणसाला आपलेसे करण्याची ही पद्धत आहे आणि ती चालते, कारण तिच्यातून कुणीच सुटत नाही.

जहाजावरचा दिवस घड्याळाच्या काट्यांपेक्षा पाळ्यांवर चालतो. चोवीस तासांच्या चार-चार तासांच्या सहा पाळ्या केल्या तर रोज त्याच माणसाच्या वाट्याला मध्यरात्र ते पहाटे चार ही नकोशी पाळी येत राहील. म्हणून दुपारी चार ते रात्री आठ या वेळेचे दोन-दोन तासांचे तुकडे करतात. त्यांना ‘डॉग वॉच’ म्हणतात. एकूण पाळ्या सात होतात आणि विषम संख्येमुळे कामाची वेळ रोज सरकत जाते. सगळ्यांना छळ सारखा वाटून देण्याची ही जुनी आणि मोठी शहाणी युक्ती आहे. रात्रीच्या पाळीवर ‘काय’ नावाचे पेय प्यायले जाई: चॉकलेटचा कडक ठोकळा सुरीने खरवडून उकळत्या पाण्यात घोटलेला दाट कोको. वाऱ्यात चार तास उभ्या असलेल्या माणसाला हा कोको आणून देणारा कनिष्ठ खलाशी त्या क्षणी जहाजावरचा सर्वांत लाडका असे. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी काम बंद ठेवत. तिला ‘मेक अँड मेंड’ म्हणत, कारण मुळात ती कपडे शिवायला आणि दुरुस्त करायला दिलेली सुट्टी होती. कपडे तयार मिळू लागले तरी सुट्टीचे नाव बदलले नाही.

कपड्यांवरून आणि जेवणावरून हिंदुस्थानचा माग लागतो. खलाशांचा कामाचा जाड निळा पोशाख ‘डंगरी’ हा मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड कापडाच्या नावाने जगभर गेला. कपडे धुण्याला ब्रिटिश खलाशी आजही ‘धोबी’ म्हणतो आणि साबणाच्या पुडीला ‘धोबी डस्ट’. आठवड्यातले ज्या दिवशी मांस मिळत नसे ते दिवस शेकडो वर्षांपूर्वी ‘बनियन डे’ ठरले, कारण सुरतेच्या बाजूला भेटलेले वाणी व्यापारी मांस खात नाहीत हे इंग्रज खलाशांनी पाहिले होते. पुढे शब्दाचा अर्थ पार फिरला. आता ‘बनियन’ म्हणजे जहाज एखाद्या रम्य किनाऱ्याला लागले की वाळूवर निखारे पेटवून केलेली मेजवानी, आणि तिच्यात मांसच मुख्य.

अन्नाची चेष्टा हा खालच्या डेकचा सर्वांत सुपीक प्रांत. टोमॅटोचा डबा फोडून त्यात अंडी नि डुकराचे मांस घातले की झाला ‘ट्रेन स्मॅश’, म्हणजे रेल्वेचा अपघात. डब्यातल्या मांसाच्या गोल पुडिंगला ‘बेबीज हेड’, म्हणजे बाळाचे डोके. यातले सर्वांत काळे उदाहरण १८६७ चे आहे. त्या वर्षी इंग्लंडमधल्या ऑल्टन गावी फॅनी अ‍ॅडम्स या आठ वर्षांच्या मुलीचा अतिशय क्रूर खून झाला. त्याच सुमारास नौदलात मटणाचे डबे येऊ लागले होते. ते मटण इतके वाईट होते की खलाशांनी त्याला त्या मुलीचे नाव दिले. पुढे रिकामे डबे भांडी म्हणून वापरले जाऊ लागले आणि मेसमधल्या भांड्यालाही ‘फॅनी’च म्हणू लागले. आज हे ऐकताना अंगावर काटा येतो आणि तो यावाच. पण खलाशांच्या विनोदाचा इतिहास सांगताना हा भाग गाळणे बरोबर होणार नाही. मरण रोज शेजारी असलेल्या माणसांनी भीतीला तोंड देण्याचा जो मार्ग काढला, तो कधी कधी अशा निष्पाप मुलीच्या नावापर्यंत घसरला.

पाण्याने पातळ केलेल्या रमचा पेला ही या जीवनातली मध्यवर्ती गोष्ट. जमैका बेट १६५५ मध्ये जिंकल्यावर नौदलात रम शिरली. १७४० मध्ये अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी तीत पाणी मिसळण्याचा हुकूम काढला. ते ‘ग्रोग्रॅम’ नावाच्या जाड कापडाचा कोट घालत, म्हणून खलाशी त्यांना ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. पेयालाही तेच नाव चिकटले. विसाव्या शतकात माणशी रोज एक अष्टमांश पाइंट, म्हणजे सुमारे ७० मिलिलिटर रम मिळे. साध्या खलाशाला ती पाणी घालून, त्याच्या वरच्या पेटी ऑफिसरला तशीच. या रमचे मेसमध्ये चलन झाले होते. कुणी आपली पाळी केली, कुणी कपडे शिवून दिले, कुणाचा वाढदिवस असला, तर हिशेब रममध्ये चुकता होई आणि त्याची मापे ठरलेली होती: ओठ लावण्यापुरता घोट म्हणजे ‘सिपर्स’, मोठा घोट म्हणजे ‘गल्पर्स’ आणि पेला तळापर्यंत रिता करण्याची मुभा म्हणजे ‘सँडी बॉटम्स’. पैसे उसने देण्याघेण्यावरून मने दुखावतात. घोटांच्या या व्यवहारात मात्र उपकाराची परतफेड हसतखेळत व्हायची. यंत्रे आणि शस्त्रे गुंतागुंतीची झाल्यावर दुपारी दारू प्यालेला माणूस परवडेना. ३१ जुलै १९७० रोजी ही प्रथा बंद झाली. खलाशांनी त्या दिवसाला ‘ब्लॅक टॉट डे’ म्हटले, दंडाला काळ्या फिती बांधल्या, कुठे रमच्या पेल्याची अंत्ययात्रा काढून त्याला समुद्रात सोडले. निर्णय बरोबर होता हे बहुतेकांना कळत होते. दुःखही खरे होते, आणि ते व्यक्त करायला त्यांना नाटकच सुचले.

खेळांमध्ये पहिला मान ‘अकर्स’ला. हा ल्यूडोचा नौदलातला भाऊ. ल्यूडोचे इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये पेटंट घेतले गेले आणि त्याचे मूळ आपल्या पचिशीत. अकर्स दोन फाशांनी आणि जोडीने खेळतात, एकाच रंगाच्या सोंगट्या एकमेकींवर चढवून वाट अडवतात, आणि नियमांवरून खेळाइतकाच वेळ वाद घालतात. प्रतिस्पर्ध्याची एकही सोंगटी घरी पोचू न देता जिंकले तर ती हार त्या जोडीला जहाज बदलेपर्यंत ऐकावी लागते. पैशाच्या जुगाराला नौदलात बंदी होती. ‘क्राउन अँड अँकर’ हा फाशांचा खेळ तरीही चोरून चाले. परवानगी होती ती फक्त तंबोल्याला, म्हणजे आपल्याकडे क्लबांत आणि सोसायट्यांच्या गच्चीवर खेळल्या जाणाऱ्या हाउझीला.

या सगळ्याहून जास्त विचार करायला लावणारा भाग म्हणजे वरचा माणूस खाली आणि खालचा वर करण्याच्या प्रथा. नाताळच्या दिवशी जहाजावरचा सर्वांत लहान वयाचा खलाशी कप्तानाचा कोट-टोपी चढवून जहाजाची पाहणी करतो आणि अधिकारी जेवण वाढतात. विषुववृत्त ओलांडताना समुद्रदेव नेपच्यून आपल्या दरबारासह डेकवर ‘अवतरतो’; जे पहिल्यांदा रेषा ओलांडत आहेत त्यांच्यावर गमतीचे खटले चालतात, तोंडाला फेस फासून लाकडी वस्तऱ्याने दाढी होते आणि पाण्याच्या हौदात उलटी बुचकळी मिळते. अधिकाऱ्यालाही सवलत नसते. ‘बीगल’ जहाजावर फेब्रुवारी १८३२ मध्ये चार्ल्स डार्विन यांनाही हे भोगावे लागले. त्यांच्या तोंडाला डांबर आणि रंग फासला गेला होता. लांबच्या सफरीत खलाशी स्वतःच नाटक-गाण्यांचा कार्यक्रम बसवतात. त्याला ‘सॉड्स ऑपेरा’ म्हणतात. त्यात कप्तानाची चाल, त्याचे तकियाकलाम, त्याने जहाज बंदरात लावताना धक्क्याला दिलेली धडक, सगळ्याची नक्कल होते आणि कप्तान पहिल्या रांगेत बसून ती पाहतो. चांगला कप्तान तिथे मनापासून हसतो आणि नंतर तिच्यातून शिकतोही, कारण जहाजावर त्याला तोंडावर खरे सांगणारी ती एकच जागा असते. बीबीसीने १९५९ ते १९७७ या काळात ‘द नेव्ही लार्क’ ही श्रुतिकामाला चालवली, तिचा जीव याच नकलेत होता. तिच्यातले एक प्रमुख नट जॉन पर्टवी यांनी युद्धकाळात नौदलात नोकरी केली होती. ‘हूड’ ही युद्धनौका १९४१ मध्ये बुडाली, त्याच्या थोडेच आधी त्यांची तिच्यावरून बदली झाली होती.

‘द बेबी अँड द बॅटलशिप’ची कथाही या उलटापालटीवर उभी आहे. नेपल्स बंदरात नॉकरचा जोडीदार पंचर रॉबर्ट्स याच्या हातात एका इटालियन कुटुंबाचे तान्हे बाळ राहते. जहाज सुटायला आलेले, नॉकर मारामारीत बेशुद्ध होऊन मागे राहिलेला. शेवटी पंचर बाळ लपवून जहाजावर आणतो आणि सगळी मेस त्याचे दूधपाणी, लंगोट आणि रडणे अधिकाऱ्यांपासून दडवण्याच्या खटपटीला लागते. पंचरची भूमिका जॉन मिल्स यांची. चित्रपट थोर नाही, पण दणकट हातांची माणसे एकमेकांच्या साथीने एखादी कोवळी गोष्ट कशी जपतात, हे त्याने नेमके पकडले आहे.

संकटाच्या वेळचा विनोद वेगळा असतो; तो हळू आवाजात, थोडक्या शब्दांत येतो. ‘मॉर्निंग डिपार्चर’मध्ये पाणबुडी सुरुंगाला धडकून तळाशी जाते. वाचलेल्यांपैकी काहींनाच बाहेर पडता येणार असते आणि चौघे मागे उरतात. अ‍ॅटनबरोंचा स्नाइप आधी भीतीने वेडापिसा होतो. बाकीच्यांनी त्याला शिवीगाळ करून हिणवले असते तर तो मोडला असता. ते त्याला कामाला लावतात, मधूनमधून साधी चेष्टा करतात, आणि त्याचे मन ताळ्यावर येते. हा चित्रपट तयार असतानाच, १२ जानेवारी १९५० रोजी ‘ट्रुक्युलंट’ ही खरी पाणबुडी टेम्स नदीच्या मुखाशी बुडाली आणि बरेच खलाशी गेले. निर्मात्यांनी चित्रपट मृतांना आदरांजली वाहून प्रदर्शित केला. ‘इन विच वुई सर्व्ह’मधल्या कप्तानाच्या मागे तर थेट माउंटबॅटन उभे आहेत: त्यांचे ‘केली’ जहाज मे १९४१ मध्ये क्रीट बेटाजवळ बुडाले, त्यावरून ही कथा रचली गेली. लढाई चालू असताना जागा सोडून पळालेल्या स्टोकरचे नाव कप्तान सगळ्यांसमोर घेत नाही, दोषाचा वाटा स्वतःकडे घेतो आणि मुलाला ताकीद देऊन सोडतो.

लेस्टर ज्या परगण्यात आहे त्या लेस्टरशरलाही अशा मरणाची ओळख आहे. तिथल्या क्वॉर्न गावावरून नाव पडलेल्या शिकारी मंडळाचे नाव ‘क्वॉर्न’ या विनाशिकेला दिले होते. ती ३ ऑगस्ट १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ जर्मन हल्ल्यात बुडाली आणि शंभराहून अधिक नौसैनिक मेले. हेच नाव धारण करणारी आणखी एक नौका १९८९ मध्ये दाखल झाली. सुरुंग शोधून नष्ट करणारी ही लहान नौका, सुमारे ४५ जणांची. चुंबकीय सुरुंगांना सुगावा लागू नये म्हणून तिचे अंग काचतंतूंच्या प्लास्टिकचे. एवढ्या कमी माणसांत अधिकारी आणि खलाशी यांच्यातले अंतर आपोआप घटते, म्हणून लहान जहाजांवर थट्टा जास्त मोकळी असते, असे नौदलात मानतात. ही ‘क्वॉर्न’ २०१७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली.

पण चेष्टा कितीही मुरलेली असली तरी पोटाचा प्रश्न ती सोडवत नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये स्कॉटलंडच्या इनव्हरगॉर्डन बंदरात ब्रिटिश खलाशांनी जहाजे हलवायला नकार दिला, कारण जुन्या दराने पगार घेणाऱ्यांचे रोजचे चार शिलिंग एकदम तीनवर आणले गेले होते. काही दिवसांतच ब्रिटनने सुवर्णमान सोडला. त्या निर्णयामागच्या घबराटीत या नकाराचाही वाटा होता.

आणि मुंबईत चेष्टेची दुसरी मर्यादा दिसली. कुलाब्यातली ‘तलवार’ ही रॉयल इंडियन नेव्हीची संदेशवहन शाळा. तिथे हिंदी खलाशांना पातळ डाळ आणि खडे असलेला भात मिळे, गोऱ्यांहून वेगळी वागणूक मिळे. अन्नाची थट्टा करून दिवस काढणे त्यांनाही जमत होते. जमले नाही ते कमांडर किंग यांच्या तोंडच्या वंशावरून दिलेल्या शिव्या गिळणे. ब्रिटिश जहाजावरची थट्टा टिकली ती खलाशाला उलट बोलण्याची, निदान वर्षातून एकदा कप्तानाची नक्कल करण्याची मुभा होती म्हणून. ‘तलवार’वर अपमान फक्त वरून खाली येत होता. तक्रार केली तर तक्रार करणाराच खोटा ठरत होता. भिंतींवर ‘जय हिंद’ लिहिल्याबद्दल बी. सी. दत्त यांना फेब्रुवारीच्या सुरुवातीला अटक झाली होती. १८ फेब्रुवारी १९४६ च्या सकाळी खलाशांनी न्याहारी नाकारली आणि ‘अन्न नाही तर काम नाही’ अशी घोषणा दिली. काही दिवसांत ही ठिणगी मुंबईपासून कराचीपर्यंत जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या तळांवर पसरली. सरदार पटेलांच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारीला खलाशांनी माघार घेतली, पण इंग्रजांना हिंदी सैन्याच्या भरवशावर हा देश फार काळ ताब्यात ठेवता येणार नाही, हे त्या पाच दिवसांनी दाखवून दिले. त्या खलाशांचे स्मारक २००१ पासून कुलाब्यात आहे.